दोनशे वेढे

आमच्या चंदीगढच्या घराचा आवाज कसा होता असं कुणी विचारलं, तर मी आकडे म्हणून दाखवीन. इक, दो, तिन्न, चार, पंज. संध्याकाळी पाचच्या सुमाराला खालच्या अंगणातून हे आकडे वर यायचे, एका लयीत, न अडखळता, आणि शंभरावर पोचले की मध्ये एक खोकला यायचा, मग पुन्हा इक, दो. आमचे घरमालक दारजी हीटरची कॉइल गुंडाळत असायचे. इंडस्ट्रियल एरियात त्यांचा छोटा कारखाना होता, हीटरच्या, इस्त्रीच्या, गिझरच्या कॉइल बनवण्याचा. पण खास गिऱ्हाइकांच्या कॉइल ते घरी आणून स्वतः गुंडाळत. एक लाकडी चौकट, तिच्यात लोखंडी सळई, सळईला हँडल, आणि डाव्या हाताच्या अंगठ्या-बोटांतून सरकणारी चकचकीत तार. कारखान्यात वेढे मोजणारं यंत्र होतं म्हणे, पण दारजींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "मशीन झूठ बोल सकती है, मेरा हाथ नहीं," असं ते म्हणायचे. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मला ते विसरता आलेलं नाही.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन. अमरावतीहून बदली झाली तेव्हा सरकारी क्वार्टरच्या यादीत आमचं नाव इतकं खाली होतं की ते वर येईपर्यंत पुढची बदली आली असती, आणि आलीच. आई अमरावतीच्या उन्हात वाढलेली. चंदीगढची पहिली थंडी तिनं दोन स्वेटर, एक शाल आणि अखंड बडबड यांच्या जोरावर काढली. "बाप्पा, ही थंडी आहे की शिक्षा! भांडी घासून राहिली की बोटं कुणाची आहेत तेच समजत नाही." खालच्या बीजी, म्हणजे दारजींची आई, तिला जिन्याखालून हाक मारायच्या आणि सरसोंच्या भाजीचं पातेलं वर पाठवायच्या. आईनं मक्याची रोटी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही तर आपलीच भाकरी, नुसती हळद लावून आली आहे." त्यानंतर आईचा झुणका खाली जायचा आणि बीजींची रोटी वर यायची. बीजी झुणक्याला शेवटपर्यंत 'वो पीली चटनी' म्हणत राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण तासन् तास गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत काय बोलायच्या देव जाणे.

आईचा घरात एकच कायदा होता. बाहेर काय बोलायचं ते बोला, जिना चढलात की मराठी. मला ते जमायचं नाही. दारजींची मुलगी हरलीन माझ्याच वर्गात, दिवसभर तिच्याशी हिंदी, त्यामुळे आईनं मराठीत विचारलं की माझं उत्तर हिंदीत यायचं. लहानसहान गोष्टी आई सोडून द्यायची. महत्त्वाचं काही असलं की मात्र हातातलं काम थांबवून म्हणायची, "मराठीत सांग." आणि खरं सांगते, मराठीत खोटं बोलायला मला जड जायचं. हिंदीत नाही जायचं.

तर मी अकरावीत होते, नॉन-मेडिकल घेतलं होतं. तिकडे फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताला नॉन-मेडिकल म्हणतात. दहावीला विज्ञानात वर्गात पहिली आले होते आणि त्या एका गोष्टीनं मला शिंगं फुटली होती. ओहमचा नियम तर माझ्या घरचाच. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध मिळतो, गुणलं की वॅट मिळतात. दोन आकडे हातात आले की बाकीचं जग आपोआप बाहेर पडतं, असं मला वाटायचं. दारजींच्या टेबलावर एक जुना व्होल्टमीटर आणि एक अँपिअरमीटर असायचा. मी आणि हरलीन दुपारी ते घेऊन घरातल्या प्रत्येक वस्तूच्या मागे लागायचो. इस्त्रीचा रोध किती, बल्बचा किती. हरलीनला दहा मिनिटांत कंटाळा यायचा. मी वहीत रकाने आखून आकडे भरायची. दारजी पाचवीनंतर शाळेत गेले नव्हते. ते माझी वही हातात घ्यायचे, उलटी-सुलटी पाहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हमारी वैजू इंजीनियर है जी, पक्की इंजीनियर." हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडीसुद्धा लागत नसे.

त्या हिवाळ्यात बीजींचे पाय तापेनात. त्यांना साखरेचा आजार होता, पाय बधिर झालेले, आणि बधिर पाय सतत गार वाटतात. त्यांच्या खोलीत दारजींनी स्वतः बनवलेला हजार वॅटचा हीटर होता. पण संध्याकाळी सगळ्या सेक्टरांत हीटर लागले की वीज इतकी मंदावायची की कॉइल धड लालसुद्धा व्हायची नाही, नुसती तांबूस. बीजी पाय जवळ नेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "पुत्तर, ये तो बस दिखाने का हीटर है." मला ते ऐकवेना. मी मीटर घेऊन गेले. व्होल्ट निघाले एकशे ऐंशी, अँपिअर तीन पूर्णांक सात दशांश. भागाकार केला: अठ्ठेचाळीसपेक्षा थोडा जास्त रोध. गुणाकार केला: सहाशे सहासष्ट वॅट. म्हणजे हजाराच्या हीटरमधून बीजींना दोन-तृतीयांशच ऊब मिळत होती. मला इतका आनंद झाला, काय सांगू. पुस्तकातलं गणित माझ्यासमोर लाल होऊन बसलं होतं.

आठवडाभर मी रोज व्होल्ट मोजले. संध्याकाळी सहा, सात, आठ. एकशे ऐंशी, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे ब्याऐंशी. रविवारी दुपारी सहज मोजले तर दोनशे अडतीस. रविवारी कारखाने बंद, लोक उन्हात बाहेर, हीटर बंद, वीज मोकळी. तो आकडा मी वहीत लिहिला आणि मग रबरानं खोडला. याचं कारण ज्यांनी शाळेत प्रॅक्टिकल केलेलं आहे त्यांना सांगायला नको. आलेखावर सगळे बिंदू एका रेषेत आले आणि एकच भलतीकडे गेला, की तो खोडायचा, ही आम्हा सगळ्यांची रीतच होती. सर बिंदू पाहायचे नाहीत, रेष पाहायचे. नीटनेटक्या वहीला पूर्ण गुण. मी वही नीटनेटकी केली.

मग हिशोब मांडला. एकशे ऐंशी व्होल्टवर हजार वॅट हवे, तर करंट साडेपाच अँपिअर हवा, म्हणजे रोध बत्तीसच्या आसपास. अठ्ठेचाळीसच्या जागी बत्तीस. दोन-तृतीयांश. दारजींच्या हजार वॅटच्या कॉइलला तीनशे वेढे असत. तर माझ्या कॉइलला दोनशे. मी कागदाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, २००, खाली दोन रेषा मारल्या आणि अंगणात जाऊन दारजींच्या हातात दिली.

दारजींनी चिठ्ठी पाहिली. मग तार अंगठ्यात तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

"दो सौ? इतनी छोटी?"

"जी दारजी. हिसाब से इतनी ही आती है."

"पुत्तर, छोटी कॉइल लाल नहीं होती, सफेद हो जाती है. मेरे बाप ने सिखाया था मुझे."

"एक सौ अस्सी व्होल्ट पे नहीं होगी, दारजी. मैंने सात दिन नापा है. हिसाब पक्का है."

त्यांनी पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. त्या माणसाच्या हातांना चाळीस वर्षांचं शहाणपण होतं, आणि ते सांगत होतं की हे चुकतंय. पण समोर शाळेत पहिली आलेली पोर उभी होती, हातात लिहिलेला कागद होता. लिहिलेल्या कागदापुढे त्यांनी आपला हात मागे घेतला. "पक्का है तो पक्का है," म्हणाले, आणि सळईवर तार चढवली. इक, दो, तिन्न. मी शेजारी पायरीवर बसून होते. दोनशेव्या वेढ्याला त्यांनी तार तोडली. मी स्वतः मोजत होते. दोनशे म्हणजे दोनशे, एक कमी नाही, एक जास्त नाही.

त्या संध्याकाळी हीटर असा लागला की बीजींची सगळी खोली नारिंगी झाली. बीजींनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पंजाबीत इतके आशीर्वाद दिले की आईला वरून खाली यावं लागलं. दारजींनी पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या लाडवांचा, डबा उघडला. आई चारचौघांत माझं कौतुक करणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी बीजींना मोडक्या हिंदीत म्हणाली, "हमारी पोट्टी है ना, डोकं बहुत चलता है उसका." तीन आठवडे रोज संध्याकाळी बीजींचे पाय ऊबदार राहिले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात अभिमानाचे तीन आठवडे. आज त्यांची आठवण आली की मानेवर घाम येतो.

मग गुरपुरबचा, म्हणजे गुरूंच्या जयंतीचा, दिवस आला. जानेवारीतलं दाट धुकं, आणि सगळीकडे सुट्टी. इंडस्ट्रियल एरिया बंद, कचेऱ्या बंद. सकाळी आम्ही सगळेच गुरुद्वाऱ्यात निघालो. आईबाबांना लंगरची सवय नव्हती पण दारजींच्या आग्रहापुढे कुणाचं चालत नसे. बीजींचे गुडघे धरले होते, त्या घरीच राहिल्या. निघताना दारजींनी त्यांच्या अंगावर रजई घातली, पायांत लोकरीचे मोजे चढवले, हीटर जवळ सरकवला आणि बटण दाबलं. मी दारातच उभी होते. कॉइल पेटायला लागली होती. मी वळून पाहिलंसुद्धा नाही, हरलीनच्या नव्या सुटाची ओढणी पाहत होते.

आम्ही परतलो तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडलेलं होतं. कॉइल पांढरी पडून, वितळून तुटली होती आणि तिचं एक टोक जाळीतून बाहेर येऊन रजईवर पडलं होतं. भिंतीतला सॉकेट काळा ठिक्कर. बीजींना डुलकी लागली होती. पाय बधिर, त्यांना भाजल्याचं कळलंच नाही, वास आला तेव्हा कळलं. फ्यूज उडायला हवा होता, पण दारजींच्या घरात, अर्ध्या शहरातल्या घरांसारखी, फ्यूजमध्ये जाडी तार घातलेली होती. त्या जाड्या तारेच्या आड मी पुढे कितीतरी वर्षं लपत आले. बीजी जगल्या. डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली.

मला कारण कळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आई इस्पितळात धावली होती, मी घरी एकटी. वही उघडली. रविवारच्या रकान्यात खोडलेल्या आकड्याची खूण अजून दिसत होती. दोनशे चाळीस धरले. दोनशे चाळीस भागिले बत्तीस: साडेसात अँपिअर. साडेसात गुणिले दोनशे चाळीस: अठराशे वॅट. पाच अँपिअरच्या सॉकेटमधून. आणि तेही तीनशेऐवजी दोनशे वेढ्यांवर, म्हणजे एकेका वेढ्याला पावणेतीनपट आग. तेच सूत्र, तोच भागाकार, तोच गुणाकार. सूत्र चुकलं नव्हतं. मी ते पान फाडलं, बारीक तुकडे केले आणि संडासात टाकले.

चौथ्या दिवशी दारजी इस्पितळातून घरी आले आणि अंगणात त्या जळक्या कॉइलचे तुकडे घेऊन बसले. भिंग लावून, सुईनं एकेक वेढा सरकवत मोजत होते. बाबा शेजारी उभे होते, मी जिन्याच्या खालच्या पायरीवर. दारजींनी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि भिंग खाली ठेवलं.

"एक सौ इक्यासी," ते बाबांना म्हणाले. "भाईसाब, बच्ची ने दो सौ लिखा था. साफ लिखा था. मैं उन्नीस कम लपेट गया. गिनती भूल गया मैं." मग माझ्याकडे पाहिलं. "तेरा हिसाब तो पक्का था पुत्तर. मेरे हाथ से गलती हो गई."

एकोणीस वेढे वितळून गेले होते. अकरावीतल्या मुलीलाही कळेल अशी गोष्ट, आणि मला कळली होतीच. मी मोजले होते, त्यांच्या शेजारी बसून, दोनशे. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी मूग गिळून बसले. बाबांनी दारजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या वेळी मला सगळ्यात पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटले. लाज वाटते लिहायला, पण हेच वाटलं.

आईला मात्र काहीतरी खटकलं होतं. रात्रीचा स्वयंपाक करताना तिनं विचारलं, "वैजू, तुझ्या हिशोबात तर काही नव्हतं ना चुकलेलं?"

"नहीं तो," मी म्हटलं.

तिनं लाटणं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. "मराठीत सांग."

तव्यावरची पोळी करपायला लागली तरी ती माझ्याकडेच पाहत होती. मी म्हटलं, "नाही आई. माझं काही चुकलं नाही." तिनं पोळी उलटली. परत कधी तो विषय काढला नाही. आईला कळलं होतं का? कळलं असावं, असं मला आता वाटतं. त्यानंतर तिनं कधीच "मराठीत सांग" म्हटलं नाही. मी हिंदीत बोलायची, ती ऐकून घ्यायची.

अंगणातले आकडे बंद झाले. दारजी एकदा-दोनदा चौकट घेऊन बसले, पण साठ-सत्तरवर थांबायचे, तार उलगडायचे, पुन्हा इक पासून. खास गिऱ्हाइकांची कामं त्यांनी कारखान्यातल्या यंत्रावर टाकली. वर्षभरात आमची नागपूरला बदली झाली. पुढे हरलीनची पत्रं यायची. बाजारात बाहेरच्या देशातले गरम हवेचे ब्लोअर आले, कॉइलचे हीटर कुणी विचारेना, कारखाना बंद झाला, दारजींनी पंचकुल्यात तयार हीटर विकायचं दुकान काढलं. सगळे म्हणत, नव्या जमान्यानं दारजींचा धंदा खाल्ला. तसंच असेल. पण आपला हात खोटं बोलत नाही अशी ज्याची खात्री असते, तो माणूस नव्या जमान्याशी चार दिवस तरी भांडतो. दारजी भांडले नाहीत. हरलीनच्या एका पत्रात होतं, 'दारजी रोज शाम बीजी का पैर खुद धोते हैं, तेल लगाते हैं, और रोज एक ही बात: बीजी, माफ करना, मैं गिनती भूल गया था. बीजी हँसती हैं.' ते पत्र मी पुरं वाचलं नाही. त्याला उत्तरही लिहिलं नाही. नंतरच्या पत्रांना लिहिलं, त्याला नाही.

मी इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि पॉलिटेक्निकात पंचवीस वर्षं शिकवलं. रोधाचं प्रकरण दर वर्षी असायचंच. माझ्या प्रयोगशाळेत एक नियम होता: वहीत रबर चालणार नाही. रेषेबाहेरचा बिंदू खोडला की प्रयोग रद्द. पोरं मला खडूस म्हणायची. का, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. वर्गात सांगण्यासारखा किती चांगला धडा होता तो! पण धडा सांगायचा तर स्वतःचं नाव सांगावं लागलं असतं.

दोन वर्षांपूर्वी हरलीनच्या मुलीच्या लग्नाला गेले. ते सगळे, दारजींसकट, आता झिरकपूरला फ्लॅटमध्ये राहतात. विमानतळाच्या रस्त्यावर गाड्यांच्या गर्दीत दीड तास अडकले होते आणि त्या दीड तासात मी सगळं हिंदीत जुळवून ठेवलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारजी बाल्कनीत उन्हात बसले होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. मांडीवर शेंगांची पिशवी, शेंगा सोलून दाणे माझ्या हातात देत होते, पूर्वी अंगणात आम्हा मुलांना द्यायचे तसे. बीजींना जाऊन वीस वर्षं होत आली होती.

जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "दारजी, वो कॉइल. आपने दो सौ ही लपेटी थी. मैं पास बैठी थी, मैंने गिनी थी. उन्नीस पिघल गई थीं. गलती मेरे हिसाब की थी. मुझे उसी दिन पता चल गया था."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणणार होते, तोच ते म्हणाले, "पूरे दो सौ?"

"पूरे दो सौ, दारजी. एक भी कम नहीं."

त्यांनी डावा हात उन्हात धरला. अंगठा बोटावर हळूहळू घासला, तार सरकवताना घासत तसा. मी रडत होते. ते रागावले असते तर मी पाय धरले असते. हसून सोडून दिलं असतं तर कदाचित घरी येऊन शांत झोपले असते. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. तो हात पाहतच, माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बीजी को बता देती, पुत्तर. वो तो उसके बाद बारह साल जिंदा बैठी थीं."

आणि पुढची शेंग फोडून दाणे माझ्या हातात ठेवले.